अंदमानची इतिहास-सहल: सेल्युलर जेल शेवटी का ठेवावे आणि तोवर काय दाखवावे

प्रश्न असा आहे: महाराष्ट्रातून पंचवीस-तीस जणांचा गट अंदमानला न्यायचा आहे. बरेचसे साठीच्या पुढचे, वाचन असलेले. समुद्रकिनारे नंतर पाहू, पण पोर्ट ब्लेअरमधले दोन दिवस पूर्ण इतिहासाला द्यायचे आहेत. कोणती ठिकाणे घ्यावीत, क्रम काय ठेवावा, कुठे किती वेळ लागतो आणि गाइडने नेमके काय सांगावे?

सुरुवात क्रमापासून करतो, कारण बहुतेक सहली तिथेच बिघडतात. नेहमीचा क्रम ठरलेला असतो. दुपारी विमान उतरले की हॉटेलात सामान टाकून गट थेट सेल्युलर जेलमध्ये, संध्याकाळी लाइट अँड साउंड शो, दुसऱ्या दिवशी रॉस आणि नॉर्थ बे उरकून तिसऱ्या दिवशी हॅवलॉक. यात माणसे सर्वांत महत्त्वाची जागा सर्वांत दमलेली असताना पाहतात. त्याहून मोठे नुकसान म्हणजे अंदमानचा इतिहास जेलपासून सुरू झाला असा समज पक्का होतो. कैद्यांची वसाहत बसली 1858 मध्ये. जेलचे बांधकाम 1896 मध्ये सुरू झाले आणि 1906 मध्ये संपले. म्हणजे जेल उभे राहण्याआधीच काळ्या पाण्याची जवळजवळ पन्नास वर्षे होऊन गेली होती. ती पन्नास वर्षे आधी दाखवली तरच जेल का बांधले आणि असे का बांधले, हे माणसांना आपोआप उमगते. म्हणून जेल दुसऱ्या दिवशी दुपारी ठेवा. हा एक बदल केलात तरी निम्मी सहल सुधारते.

पहिल्या दिवशी सकाळी रॉस बेट घ्या. याचे सरकारी नाव डिसेंबर 2018 पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. पोर्ट ब्लेअरचेही नाव सप्टेंबर 2024 मध्ये श्री विजय पुरम झाले. बोटवाले, रिक्षावाले आणि दुकानदार जुनी नावे बोलतात, फलकांवर आणि कागदोपत्री नवी दिसतात. त्यामुळे गटाला दिलेल्या कार्यक्रमपत्रिकेत दोन्ही नावे छापा, नाहीतर जेट्टीवर निम्मी मंडळी चुकीच्या रांगेत उभी राहतात.

रॉस पहिल्या दिवशी घेण्याचे कारण हवामान. अबर्डीन जेट्टीवरून बोटीने पंधरा-वीस मिनिटांच्या आतले अंतर आहे, पण वारा वाढला की बंदर खाते फेऱ्या थांबवते आणि तिथे कोणाचे काही चालत नाही. पहिल्या दिवशी बोट रद्द झाली तर दुसऱ्या दिवशीची सकाळ हाताशी राहते, दोन सकाळींची अदलाबदल केली की काम भागते. मे ते ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तिकडचा पावसाळा. त्या दिवसांत गट नेत असाल तर अर्धा दिवस मोकळाच ठेवा. बेटाचा साप्ताहिक सुटीचा वार, बोटींच्या वेळा आणि जेलच्या वेळा अधूनमधून बदलतात, म्हणून आदल्या दिवशी फोनवर नव्हे, जेट्टीवर माणूस पाठवून विचारून घ्या.

बोटवाल्याशी वेळेचे बोलणे आधीच करून टाका. तीन बेटांच्या पॅकेजमध्ये रॉसला साधारण तासभर मिळतो. तेवढ्यात माणसे हरणांबरोबर फोटो काढून परत येतात. इतिहास पाहायचा तर अडीच तास लागतात. पूर्ण बोट ठरवा, किंवा एका बोटीने जाऊन नंतरच्या बोटीने परतायची परवानगी तिकीट काढतानाच घ्या. पहिल्या बोटीने जा. दहानंतर दमट उष्मा असा वाढतो की चढावर माणसे ऐकायची थांबतात, नुसती धापा टाकतात. माणशी एक लिटर पाणी, टोपी आणि रबरी तळव्याचे बंद बूट सांगून ठेवा. विटांच्या वाटांवर शेवाळ असते आणि वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांची मुळे आडवी पसरलेली असतात. चपला घालून आलेला माणूस पहिल्या पावसात घसरतो. गुडघेदुखी असलेल्यांसाठी बेटावर बॅटरीच्या गाड्या मिळतात, त्यांची सोय उतरल्याबरोबर करा. तळाच्या दीपगृहाकडे जाणाऱ्या पायऱ्या बऱ्याच आहेत. ज्येष्ठांना वरच थांबवलेले बरे, इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे काही चुकत नाही.

रॉसवर काय सांगायचे? आधी जेट्टीवरच, सावलीत उभे करून, दहा मिनिटांत पाया घाला. आर्चिबाल्ड ब्लेअर या नौदल अधिकाऱ्याने 1789 मध्ये समोरच्या चॅथम बेटावर कंपनी सरकारची पहिली वसाहत केली. 1792 मध्ये ती उत्तर अंदमानात हलवली आणि रोगराईला कंटाळून 1796 मध्ये मोडली. पुढची साठ वर्षे इंग्रज फिरकले नाहीत. 1857 च्या उठावानंतर हजारो बंदी ठेवायचे कुठे हा प्रश्न पडला, तेव्हा जेम्स पॅटिसन वॉकर 10 मार्च 1858 रोजी दोनशे कैदी घेऊन उतरला. चॅथमला पाणी पुरेना म्हणून मुख्यालय रॉसवर आले. पहिल्या काही महिन्यांतच पळून जाऊन सापडलेल्या ऐंशीहून अधिक कैद्यांना वॉकरने फासावर चढवले. हे ऐकल्यावर माणसे त्या हिरव्यागार बेटाकडे वेगळ्या नजरेने पाहतात, आणि मग चालायला सुरुवात करा.

बेट सगळे मिळून एक तृतीयांश चौरस किलोमीटरही नाही. तेवढ्यात चीफ कमिशनरचा बंगला, चर्च, क्लब, टेनिस कोर्ट, बेकरी, छापखाना, पोहण्याचा तलाव, बराकी, पाणी शुद्ध करण्याचा कारखाना आणि दफनभूमी. सगळे कैद्यांच्या श्रमातून उभे राहिलेले. प्रत्येक अवशेषापाशी थांबू नका. चार थांबे पुरतात: जेट्टीजवळचे जपानी बंकर, बेकरी, चर्च आणि बंगला. बेकरीपाशी विचारा, की इथला पाव कोण भाजत होते आणि कोण खात होते. चर्चपाशी मुळांनी धरलेल्या भिंती नीट दाखवा. तिथे झाडाने भिंत पाडली असे सर्रास सांगितले जाते, पण कित्येक ठिकाणी आता ते मूळच भिंतीला धरून उभे आहे आणि मूळ तोडले तर वीट खाली येईल. म्हणूनच मुळांवर चढून फोटो काढू देऊ नये. बंगल्यापाशी शेवट सांगा: 26 जून 1941 चा मोठा भूकंप, पुढे 23 मार्च 1942 ला जपानी सैन्य उतरले आणि इंग्रजांचे बेट म्हणून रॉस संपले ते कायमचे. 1979 पासून ते नौदलाच्या ताब्यात आहे, त्यामुळे ड्रोन अजिबात नको आणि बंदरातल्या नौदलाच्या जागांचे फोटोही नकोत. हरणे-मोरांना खायला घालणेही थांबवा. चितळ इथले मूळचे नाहीत, बाहेरून आणून सोडलेले आहेत, आणि माणसांच्या हातच्या बिस्किटांनी त्यांची तब्येत बिघडते.

परतल्यावर जेट्टीलगतच, वॉटर स्पोर्ट्स संकुलाच्या आवारात, अबर्डीनच्या लढाईचे स्मारक आहे. बहुतेक गट त्यासमोर आइसक्रीम खाऊन निघून जातात. तिथे पंधरा मिनिटे द्याच. 17 मे 1859 रोजी ग्रेट अंदमानी लोकांनी धनुष्यबाण घेऊन वसाहतीवर चाल केली. पळून गेलेला एक कैदी, दूधनाथ तिवारी, वर्षभर त्यांच्यात राहिला होता. त्याने आधीच येऊन इंग्रजांना खबर दिली, हल्ला फसला आणि तिवारीला माफी मिळाली. ही गोष्ट अवघड आहे, कारण इथे परका कोण याचे उत्तर सरळ येत नाही. कैदीही इंग्रजांचे बळी आणि अंदमानीही. पण ज्यांची ही बेटे मुळात होती त्यांच्याशिवाय अंदमानचा इतिहास सांगणे म्हणजे घरमालकाला वगळून घराची हकीकत सांगणे. दुपारी विश्रांती द्या आणि संध्याकाळी मानववंशशास्त्र संग्रहालय जमल्यास घ्या, तेही याच गोष्टीचा भाग आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चॅथमची लाकूड गिरणी. 1883 मध्ये सुरू झालेली आणि अजून सरकारी वनखात्याकडे चालू असलेली. गावातून पुलावरून जाता येते. पडौक या लाकडाचे ओंडके, करवतीचे पाते आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बने पडलेला खड्डा, एवढे तासाभरात होते. साप्ताहिक सुटीच्या दिवशी गेलात तर फाटकावरून परतावे लागते. चॅथमच्या धक्क्यावरूनच बांबू फ्लॅटला गाड्यांसह नेणारी फेरी बोट सुटते. ती धरून पलीकडे होप टाउनला जा. 8 फेब्रुवारी 1872 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो माउंट हॅरिएटवरून उतरून अंधार पडताना तिथल्या धक्क्यावर आला आणि शेर अली आफ्रिदी या कैद्याने त्याला सुऱ्याने मारले. हिंदुस्थानात मारला गेलेला हा एकमेव व्हाइसरॉय. शेर अलीला 11 मार्चला वायपर बेटावर फाशी दिले. गाइड मंडळी या दोन जागांची इतक्यांदा गल्लत करतात की पर्यटक वायपरलाच खुनाची जागा समजून फोटो काढतात. खून होप टाउनला, फाशी वायपरला, हे पक्के सांगा. वरचा डोंगर आता माउंट मणिपूर नावाने ओळखला जातो, कारण 1891 च्या इंग्रज-मणिपूर युद्धानंतर महाराज कुलचंद्र आणि इतर मणिपुरी बंदी तिथे ठेवले होते. जुन्या लाल वीस रुपयांच्या नोटेवरचे दृश्यही याच डोंगरावरून दिसणारे आहे. हे सांगितले की सगळे वाटेतच पाकिटे उघडतात.

वायपर बेटाला फेऱ्या कमी असतात, कधी बंदही असतात. चालू असतील आणि वेळ उरत असेल तरच घ्या. टेकडीवरचे लाल विटांचे फाशीघर आणि 1867 च्या सुमारासच्या जेलचे अवशेष. सेल्युलर जेलच्या आधी साखळदंडातल्या कैद्यांची जागा तीच होती.

आता जेल. दुपारी मधली सुटी संपली की आत जा आणि किमान अडीच तास ठेवा. तीस जणांना एकत्र फिरवता येत नाही. कोठड्यांपुढचे व्हरांडे अरुंद आहेत, एका कोठडीसमोर सात-आठ जणच नीट उभे राहतात. पंधरा-पंधराचे दोन गट करून दोन गाइड घ्या, पर्यटन खात्याचे ओळखपत्र असलेले. कानात रिसीव्हर आणि गाइडच्या गळ्यात छोटा माइक, असा संच मुंबई-पुण्यात भाड्याने मिळतो, तो बरोबर न्या. स्मारकात मोठ्याने ओरडून सांगावे लागत नाही आणि मागच्या माणसालाही ऐकू येते.

अंगणात उभे राहून आधी बांधणी समजावा. मधल्या मनोऱ्यापासून सात तीन मजली इमारती फुटलेल्या होत्या. आज त्यांतल्या तीनच उभ्या आहेत. बाकीच्या पडल्या किंवा पाडल्या गेल्या आणि त्या आवारात पुढे गोविंद वल्लभ पंत रुग्णालय झाले. 696 कोठड्या, एका माणसाला एक, आणि सात इमारतींवर नजर ठेवायला एकच मनोरा. प्रत्येक इमारतीचे तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे. समोरच्या कैद्याचा चेहरा कधीच दिसू नये, अशी ही रचना. कोठडीला साधारण तीन मीटर उंचीवर छोटा झरोका. मग एखाद्याला आत उभे करा, दार लावा आणि गजांतून हात काढून कडी धरायला सांगा. कडीचा दांडा बाजूला, भिंतीत खोदलेल्या खोबणीत जातो. दारापासून अंतर एवढेच ठेवले आहे की हात कसाही वळवला तरी बोटे तिथवर पोहोचत नाहीत. दोन मिनिटांचे हे प्रात्यक्षिक अर्ध्या तासाच्या भाषणाचे काम करते. फक्त कुलूप लावू नका आणि ज्यांना बंद जागेची भीती वाटते त्यांना आत पाठवू नका.

स्वातंत्र्यवीर सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, टोकाला. 4 जुलै 1911 ला ते इथे आले आणि मे 1921 मध्ये इथून हलवले गेले. ती पाहायला महाराष्ट्रातली मंडळी जिवाच्या आकांताने येतात, तेव्हा तिथे घाई करू नका. प्रत्येक तुकडीला दहा-बारा मिनिटे मिळतील अशी पाळी लावा आणि तोवर उरलेल्यांना खालच्या कारखान्याच्या शेडमध्ये कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, दाखवा. जिने तीन मजल्यांचे आहेत, म्हणून गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना आधी विचारा. मध्ये एका मजल्यावर बसायला द्या. त्यांना अजिबात चढता येत नसेल तर खालच्या मजल्यावरची कोठडी तशीच आहे, हेही सांगा. वर भिंतींवर कविता शोधणारे असतात. भिंतींना पुढे चुना लागला आहे, तिथे काही वाचता येणार नाही.

याचिकांचा प्रश्न हमखास निघतो, कुणीतरी तावातावाने विचारतोच. कोठडीसमोर वाद होऊ देऊ नये आणि टाळूही नये. 1911 पासून 1920 पर्यंत सावरकरांनी सरकारकडे अर्ज केले, ते अभिलेखागारात आहेत, हे सरळ सांगा. त्याच वेळी त्यांनी तिथे दहा वर्षे भोगलेली शिक्षाही सांगा. त्यावरचे मत गटाला हॉटेलात जेवताना मांडू द्या.

तिथे येणाऱ्या आपल्या माणसांच्या मनात दोन ठरलेल्या चुका असतात. एक, टिळकांची कोठडी कोणती? टिळक मंडालेला होते, म्हणजे ब्रह्मदेशात. दोन, वासुदेव बळवंत फडके इथे होते ना? फडके एडनच्या तुरुंगात होते आणि 1883 मध्ये तिथेच गेले. 1857 चे वीर याच जेलमध्ये होते, असेही सर्रास सांगितले जाते. जेलच नव्हते तेव्हा. ते रॉस, वायपर आणि आसपासच्या ठाण्यांवर मेले. उठावाबद्दल शिक्षा झालेले विद्वान फज्ल-ए-हक खैराबादी 1861 मध्ये अंदमानातच वारले. बाबाराव सावरकर आणि नाशिकच्या खटल्यातले वामनराव जोशी मात्र नक्की इथे होते, त्यांची नावे घ्या.

कोलूपाशी आकडा सांगा: दिवसाला तीस पौंड खोबरेल, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर, किंवा दहा पौंड मोहरीचे तेल. बैलाच्या जागी माणूस. तेवढे निघाले नाही तर दंडाबेडी (पायांत लोखंडी दांड्याची बेडी), खडी हातकडी (हात वर अडकवून उभे ठेवणे), नाहीतर फटके. नारळाचे छिलके कुटणे हे दुसरे काम. कामावर नजर ठेवणारे वॉर्डर, पेटी अफसर, टिंडाल हे कैद्यांतूनच नेमलेले असत. गटाला हे समजले पाहिजे, कारण ही यंत्रणा फक्त गोऱ्यांच्या हातांनी चालत नव्हती. 1912 मध्ये इंदुभूषण रॉय यांनी आत्महत्या केली, उल्लासकर दत्त यांचे डोके फिरले. 1933 च्या उपोषणात नळीने जबरदस्तीने दूध घालताना महावीर सिंग, मोहन किशोर नामदास आणि मोहित मैत्र गेले. हुतात्म्यांच्या यादीत बंगाल आणि पंजाबचे किती जण आहेत ते संगमरवरी पाट्यांवर बोट ठेवून दाखवा, मराठी मनाला ते आपोआप भिडते. 1937 च्या उपोषणानंतर राजबंद्यांना मायदेशी पाठवणे सुरू झाले आणि 1938 च्या जानेवारीपर्यंत ते पूर्ण झाले.

इथे थांबणारा गाइड अर्धीच गोष्ट सांगतो. 1942 ते 1945 हे जपानी अमलाचे दिवस आणि याच जेलमध्ये तेव्हा हेरगिरीच्या संशयावरून भारतीयांना छळले गेले. नेताजी 29 डिसेंबर 1943 ला आले, दुसऱ्या दिवशी त्यांनी तिरंगा फडकवला. त्याच दिवसांत पंजाबी कवी डॉ. दिवाण सिंग आत बंदी होते आणि छळामुळे जानेवारी 1944 मध्ये वारले. 30 जानेवारी 1944 ला हंफ्रेगंज गावाजवळ जपान्यांनी 44 जणांना गोळ्या घातल्या. ऐकायला कठीण असले तरी सांगायला हवे. 11 फेब्रुवारी 1979 ला मोरारजी देसाईंच्या हस्ते जेल राष्ट्रीय स्मारक म्हणून अर्पण झाले.

संध्याकाळी शो. हिंदीच्या खेळाची वेळ वेगळी असते, इंग्रजीच्या खेळात मराठी ज्येष्ठ कंटाळतात. तिकिटे सकाळीच काढा. डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, म्हणून घड्याळ मुंबईच्या सवयीने लावू नका. पाऊस आला तर खेळ रद्द होतो आणि डास चांगलेच असतात, अंगभर कपडे आणि ओडोमॉस जवळ ठेवा.

सहलीत एखादा एजंट जारवा आदिवासींना दाखवतो म्हणून जादा पैसे मागेल. साफ नकार द्या. अंदमान ट्रंक रोडवर त्यांचे फोटो काढणे, त्यांना खायला देणे, गाडी थांबवणे गुन्हा आहे, आणि 1956 च्या आदिवासी संरक्षण नियमनाखाली कारवाई होते. ऐनवेळी वेळ उरलाच, तर गावातल्या एखाद्या प्री-42 कुटुंबातल्या माणसाला भेटवण्याची सोय करा. हे 1942 च्या आधीपासून इथे असलेल्या जुन्या कैद्यांचे वंशज. शिक्षेची काही वर्षे भोगून सुटीचे तिकीट, म्हणजे तुरुंगाबाहेर स्वतः कमावून राहायची मुभा, मिळालेल्यांना जमीन मिळे, साउथ पॉइंटच्या स्त्रियांच्या तुरुंगातून लग्ने होत आणि गावे वसत. दक्षिण अंदमानात तिरूर, मंजेरी अशी केरळी गावांची नावे आहेत, ती 1921 च्या मोपल्यांच्या उठावानंतर पाठवलेल्या लोकांनी ठेवलेली. अशा माणसाला मानधन आधी ठरवून द्या आणि त्याच्या पूर्वजाचा गुन्हा कोणता होता, असा प्रश्न कुणी विचारणार नाही याची गटाला आधीच ताकीद द्या.